वेळेआधी निघालेला पाहुणा

नालासोपाऱ्यातील आमच्या घरावर एक खोली आहे. आईसाठी बांधली होती. आई गेल्यावर दोन वर्षे ती रिकामीच होती. थोरल्या मुलीच्या कॉलेजची फी वाढली तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, कायमचा भाडोत्री नको, पण चार-आठ दिवसांच्या पाहुण्याला खोली द्यायला काय हरकत आहे?" मी कारकून माणूस. पगारात महिना कसाबसा बसतो. म्हटले, करून पाहू.

आमच्या भागात अशा खोलीला गिऱ्हाईक मिळते. कोणी लग्नाला येतो, कोणी परीक्षेला, तर कोणी अर्नाळा-राजोडीच्या समुद्रावर दोन दिवस मुलांना घेऊन येतो. बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर येणारी लांबची कुटुंबे असतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जेथे उत्खनन केले, ती बुरुड राजाच्या कोटाची जागा आमच्यापासून दूर नाही. भाडे ठरवले रात्रीला ७०० रुपये, सगळे आगाऊ. पाहुणा आला तर काय करायचे, याची सगळी तयारी आम्ही केली. चादरी आणल्या, नवी बादली आणली, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची ठरवले. पण पाहुणा मुदतीआधीच निघाला तर काय करायचे, हे मात्र ठरवले नव्हते. तिथेच चूक झाली.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक कुटुंब लग्नासाठी आले. नवरा-बायको आणि दोन मुले. चार रात्रींचे २,८०० रुपये त्यांनी फोनवरून आधीच पाठवले होते. संध्याकाळी सात वाजता आले. खालच्या खोलीत पाणी प्यायले. भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे त्या गृहस्थांनी पाहिले, मग बायकोकडे पाहिले. वर गेले आणि तासाभराने बॅगा घेऊन खाली उतरले. "सोय होत नाही, आम्ही दुसरीकडे बघतो," एवढेच बोलले. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

रात्रभर माझ्या डोक्यात आग होती. वीस वर्षे मी कार्यकर्ता म्हणून फिरलो, भाषणे केली, आणि माझ्याच घरातून कोणी आमच्या तसबिरी पाहून उठून जावे! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाखेतल्या सोबत्यांना सांगितले. सगळे म्हणाले, एक पैसा परत देऊ नका, चांगली अद्दल घडू दे. मलाही तेच हवे होते. त्याच संध्याकाळी अर्नाळ्याला आलेले एक जोडपे खोली विचारत आले. त्यांना दोन रात्री खोली दिली, त्याचे १,४०० रुपये वेगळे घेतले. तेव्हा मला त्यात काहीच गैर वाटले नाही.

ऑगस्टमध्ये यवतमाळकडचा एक तरुण आईला घेऊन आला. परळच्या टाटा रुग्णालयात तिला दाखवायचे होते. तिथल्या आसपासच्या खोल्या परवडेनात, म्हणून नालासोपाऱ्यापर्यंत आला. दहा रात्रींचे ७,००० रुपये त्याने दिले. रोज पहाटेची लोकल, दादरला उतरायचे, आजारी बाईला धरून जिना चढायचा. माझी पत्नी त्यांना डबा बांधून देई. चौथ्या दिवशी दुपारीच ते परतले. तो म्हणाला, "दादा, डॉक्टरांनी आईला गावी न्यायला सांगितलं." त्याला पुढे बोलवेना. तीन रात्रींचे २,१०० रुपये ठेवून उरलेले ४,९०० रुपये मी त्याच्या हातावर ठेवले. तो घेईना, बळेच दिले.

त्या रात्री जेवताना मी जरा समाधानात होतो. पत्नीने भाकरी वाढता वाढता विचारले, "मग मे महिन्यातल्या लोकांचे का दिले नाहीत?"

मी म्हणालो, "ती गोष्ट वेगळी. ते का गेले हे तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. त्या दिवशी टँकर आला नव्हता. वरच्या नळाला थेंब नव्हता. लहान मुले होती त्यांच्याबरोबर."

टँकरचे मी पार विसरलो होतो. तरीही हार मानवेना. मी बडोद्याची गोष्ट काढली. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, पारशांच्या सराईत उतरले. राहण्याजेवणाचे रोज दीड रुपया देत होते. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. आठ दिवसांची मुदत मागितली तीही मिळाली नाही. संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली, आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे सगळे मी तावातावाने सांगितले. म्हटले, "हे सोसलेली माणसे आम्ही. आम्ही का नमते घ्यायचे?"

ती शांतपणे म्हणाली, "तिथे किल्ली त्यांच्या हातात होती. इथे किल्ली तुमच्या हातात आहे. पैसेही तुमच्याच हातात."

यावर मला उत्तर सुचले नाही.

बी.कॉम.ला असताना १८७२ चा करार कायदा घोकून पाठ केला होता. तो आता आठवला. कलम ७४ सांगते की, करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम आधीच लिहून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. नुकसान मोजताना ते भरून काढायचे जे मार्ग हाताशी होते, तेही धरायचे. मी तर त्याच खोलीचे दोन रात्रींचे भाडे दोघांकडून घेतले होते. ऑफिसात कोणी असे बिल लावले असते, तर मीच ते लाल शाईने परत पाठवले असते.

खरे सांगायचे तर, पहिल्या पाहुण्याचे पैसे मी रागाने ठेवले आणि दुसऱ्याचे दयेने दिले. दोन्ही वेळा हिशोब केलाच नाही. राग खरा असेल, दयाही खरी असेल, पण त्यांवर घरचा व्यवहार चालत नाही. उद्या तिसरा पाहुणा आला की त्याचा चेहरा पाहून मी भाव ठरवणार काय? माणसाचा चेहरा पाहून वागणूक ठरवणाऱ्यांशीच तर आपले भांडण आहे.

मग दोघांनी बसून नियम लिहिले आणि खोलीच्या दारामागे लावले. खोली देणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

१) पाहुणा लवकर निघाला तर राहिलेल्या रात्रींचे भाडे आणि वर फक्त एका रात्रीचे भाडे ठेवायचे. बाकीचे त्याच दिवशी परत.

२) पाणी, वीज, कुलूप, स्वच्छता यांत आमची कसूर असेल तर ती वरची रात्रही घ्यायची नाही.

३) आजार, मृत्यू, गाड्या बंद पडणे अशा वेळीही ती घ्यायची नाही. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरले आणि लोकल ठप्प झाल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

४) निघताना कारण एकदा नम्रपणे विचारायचे. सांगितले तर वहीत लिहायचे. नाही सांगितले तर तर्क करायचा नाही.

५) हे सगळे पैसे घेण्याआधी पाहुण्याला वाचून दाखवायचे.

नियम लागल्यावर मे महिन्यातला हिशोब पुन्हा मांडला. पाणी नव्हते, म्हणजे दुसरा नियम लागू. पूर्ण २,८०० रुपये द्यायला हवे होते. हात जड झाला, हे कबूल करतो. तीन महिन्यांनी ज्या नंबरवरून पैसे आले होते, त्याच नंबरवर परत पाठवले. सोबत लिहिले, "त्या दिवशी घरात पाणी नव्हते. आपली गैरसोय झाली. जयभीम."

दोन दिवस काही आले नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली, "पैसे मिळाले. धन्यवाद." ते तसबिरींमुळे गेले की पाण्यामुळे, हे मला आजही कळलेले नाही. शाखेतले एक-दोन सोबती अजून मला भोळा म्हणतात. त्यांना मी वही दाखवतो. तसबिरी जागच्या जागी आहेत. टाकी मात्र आम्ही मोठी बसवली.