स्काउट, डिल आणि कोनाड्यातला कप

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीची निवेदक स्काउट फिंच कथेच्या आरंभी सहा वर्षांचीही झालेली नसते. काळ १९३०च्या दशकातल्या मंदीचा, स्थळ अमेरिकेतील अलाबामा राज्यातले मेकोम हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा खोटा आळ येतो आणि स्काउटचे वडील अ‍ॅटिकस त्याचे वकीलपत्र घेतात. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला आहे. तरुणीच्या चेहऱ्यावरची मारहाण मात्र डावखुऱ्या माणसाची दिसते. तरीही ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

खटल्याच्या आदल्या रात्री तुरुंगाच्या दाराशी जमाव चालून येतो. त्यात स्काउटला वर्गमित्र वॉल्टरचे वडील दिसतात. ती त्यांच्या जमिनीच्या दाव्याची चौकशी करते, वॉल्टरला नमस्कार सांगते. ते खाली बसून तिच्या खांद्यांवर हात ठेवतात आणि जमावाला परत नेतात. पण हाच वॉल्टर तिच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा त्याने भाजीवर काकवी ओतलेली पाहून तिने त्याला भर पंक्तीत टोकले होते, आणि स्वयंपाकीण कॅलपर्नियाने तिला आत नेऊन खडसावले होते. स्काउट निरागस आहे, तरी निर्लेप नाही. लेखिकेचा खरा प्रामाणिकपणा इथे आहे.

तो सर्वांत स्पष्ट दिसतो कोर्टातल्या प्रसंगात. सरकारी वकील टॉमला ज्या तुच्छतेने प्रश्न विचारतो, ती ऐकून स्काउटचा मित्र डिल रडू लागतो. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजूत घालते, की टॉम शेवटी काळाच तर आहे. हे बोलणारी मुलगी अ‍ॅटिकसच्या घरात वाढलेली आहे! पुढे बाहेर भेटलेला गावकरी डॉल्फस रेमंड सांगतो, की आणखी थोडा मोठा झाल्यावर डिलला असे रडू येणार नाही.

प्रस्तुत लेखिकेने ही कादंबरी महाविद्यालयात असताना प्रथम वाचली, तेव्हा मनात राहिला तो तुरुंगाचा प्रसंग. चाळिशीत पुन्हा वाचताना ती डिलच्या रडण्यापाशी थांबली. तिच्या लहानपणी घरी अंगण झाडायला एक बाई येत. त्यांचा चहाचा कप मागच्या दारच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्यात वरून चहा ओतण्याचे काम आठ वर्षांच्या लेखिकेकडे होते. भांड्याचा कपाला स्पर्श होऊ द्यायचा नाही, हे तिला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. ती सफाईने ओतत असे. हाक मात्र ‘मावशी’ अशीच. मावशी कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालत. तो इतरांच्या कपांसोबत का नाही, असे तिने कधी विचारले नाही, आणि तिला रडूही आले नाही.

पुस्तक मिटून लेखिकेने आईला फोन केला. “तेव्हा सगळ्यांकडेच असायचा गं तसा कप,” आई म्हणाली. मग बराच वेळ थांबून म्हणाली, “कान तुटलेला होता त्याचा.”