शिल्लक

आमची सौ. जिना चढताना वळणावर थांबू लागली, तेव्हा आम्ही ती गोष्ट वयाच्या खात्यात टाकून मोकळे झालो. साठीनंतर धाप लागायचीच, असे तिलाही सांगितले. इंदूरच्या आमच्या या जुन्या घरात तीन पिढ्यांच्या बायका हा जिना चढत आल्या. कुणाच्या धापेची नोंद ठेवण्याची घराला सवयच नव्हती.

पायांवर सूज आली तेव्हा कुठे आम्ही तज्ज्ञांकडे गेलो. निदान झाले फुफ्फुसीय उच्च रक्तदाबाचे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा रक्तदाब नव्हे. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला हा दाब. निरोगी माणसात तो विश्रांतीच्या वेळी सरासरी १४ च्या आसपास असतो. २० च्या वर गेल्यास तो वाढला असे मानावे, हे तज्ज्ञांनी २०१८ साली सुचविले.

डॉक्टरांनी फेरिटिनची तपासणी लिहून दिली. आम्ही म्हणालो, “हिमोग्लोबिन तर ठीक आहे.” ते हसून म्हणाले, “हिमोग्लोबिन म्हणजे हातखर्चाचा पैसा, फेरिटिन म्हणजे खात्यातली शिल्लक. खर्च भागतो आहे, पण खाते रिकामे आहे.”

प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसांतल्या धमन्या आकसतात. त्याची कमतरता ओळखणाऱ्या विकरांना लोह लागते. लोह घटले की सपाटीवरच्या पेशीही उंच डोंगरावर असल्यासारख्या वागू लागतात. पेरू देशातील सेर्रो दे पास्को हे खाणींचे गाव सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. तेथील एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. समुद्रसपाटीवरून तेथे नेलेल्या निरोगी माणसांचा हा दाब चढला आणि शिरेतून लोह दिल्यावर बराच उतरला. उलट, तेथल्या जुनाट पर्वतविकाराच्या रुग्णांचे दोन लिटर रक्त टप्प्याटप्प्याने काढले, तेव्हा लोह घटून त्यांचा दाब वाढला.

म्हणून लोह हाच या रोगावरचा उतारा, असे मात्र नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप व चीनमधील चाचण्यांत शिरेतून लोह देऊनही रुग्णांची व्यायामक्षमता वाढलेली दिसली नाही. शिवाय जादा लोह यकृतात व हृदयात साठून अपाय करते. कमतरता तपासून भरून काढावी, एवढेच.

आमची सारी नोकरी राज्याच्या आरोग्य खात्यात गेली. पंडुरोग टाळण्यासाठी १९७० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील लोहाच्या गोळ्यांच्या मागणीपत्रांवर आम्ही वर्षानुवर्षे सह्या केल्या. तालुक्यातालुक्यातल्या बायकांचे आकडे आम्हांस तोंडपाठ होते. घरात मात्र सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले वाढून घेणारी आणि जेवणावर लगेच चहा घेणारी बाई आमच्या कुठल्याच तक्त्यात बसली नाही. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, हे आम्ही सभांमधून सांगत होतो!

आता तिची औषधे चालू आहेत, लोहही दिले आहे. रात्री आम्ही दोघे एकाच वेळी पानावर बसतो. आणि ती जिन्याच्या वळणावर थांबली, की आम्हीही थांबतो.