छातीवरचा फोटो

आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिथे फोटो डकवायचा, अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर करायची. असे हजारो फोटो माझ्या टेबलावरून गेले आहेत. म्हणूनच असेल, भाचीने मेक्सिकोतल्या स्त्रियांच्या मोर्चाचे फोटो मोबाईलवर दाखवले तेव्हा माझी नजर गर्दीवर गेलीच नाही. ती गेली एका आईच्या छातीवर टांगलेल्या मुलीच्या फोटोवर. मान ताठ, मागे कोरी भिंत. ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतलेला. कुठल्याही कारकुनाला तो लांबून ओळखता येतो.

मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचा देश. अगदी सीमेवर सिउदाद हुआरेस नावाचे शहर आहे. तिथे जुळणीचे मोठमोठे कारखाने आहेत. माल जायचा तो सीमेपलीकडे. खेड्यापाड्यांतून पोरी तिथे कामाला येतात, पहाटे अंधारात घराबाहेर पडतात. 1993 पासून या शहरात मुली नाहीशा होऊ लागल्या आणि त्यांची प्रेते ओसाड जागी सापडू लागली. 2001 साली वीस वर्षांची एक कामगार मुलगी दोन मिनिटे उशिरा पोहोचली. कारखान्याने तिला दारातूनच परत पाठवले. ती घरी आलीच नाही. भगिनींनो, हजेरीच्या वेळेचा धाक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्या नोव्हेंबरात कापसाच्या एका जुन्या शेतात आठ जणींची प्रेते सापडली, त्यांत ती होती.

तक्रार द्यायला गेलेल्या आयांना अधिकाऱ्यांनी काय ऐकवले? मुलगी मित्राबरोबर गेली असेल, येईल परत! पुढे 2009 मध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने या प्रकरणी मेक्सिकोच्या सरकारलाच जबाबदार धरले. पण तोवर तपास कोणी केला? आयांनी केला. पोरीचा फोटो छापून पत्रके काढली, ती खांबाखांबावर चिकटवली. काही कुटुंबांनी मिळून विजेच्या खांबांवर गुलाबी चौकोन रंगवले आणि त्यावर काळे क्रूस काढले.

मारिसेला एस्कोबेदो ही अशीच एक आई. 2008 साली तिच्या मुलीचा खून झाला. आरोपीने कबुली दिली, तरी 2010 मध्ये न्यायालयाने त्याला सोडले. ही बाई मुलीचे चित्र अंगावर घेऊन गावोगाव चालली. शेवटी चिवावा राज्याच्या सरकारी वाड्यासमोर धरणे धरून बसली. 16 डिसेंबर 2010 रोजी तिथेच तिला गोळी घातली. समोर सरकारचे दार, आणि सगळे कॅमेऱ्यात टिपले गेले. पुरावा नव्हता असे आता कोण म्हणेल?

फोटो दुधारी असतो, हेही त्या देशानेच दाखवले. तिथे रक्ताने भरलेली चित्रे पहिल्या पानावर छापणारी वर्तमानपत्रे आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये राजधानीत एका तरुणीचा तिच्या जोडीदाराने खून केला. तिच्या देहाचे फोटो सरकारी यंत्रणेतूनच बाहेर फुटले आणि अशा वर्तमानपत्रांनी ते छापले. तेव्हा हजारो बायांनी मोबाईलवरून काय केले पाहा. तिच्या नावाखाली फुलांचे, समुद्राचे, मावळत्या सूर्याचे फोटो टाकत राहिल्या. कोणी तिचे नाव शोधले तर तो देह दिसू नये, फुले दिसावीत. पुढच्याच वर्षी राजधानीच्या विधिमंडळाने असे फोटो बाहेर देणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिक्षा देणारी तरतूद केली. मला त्यातली फुलांची युक्ती कायद्याहून मोठी वाटते.

ऑगस्ट 2019 ची गोष्ट तर आणखी वेगळी. पोलिसांनीच एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि बाया रस्त्यावर उतरल्या. गुलाबी चमकी उधळली, स्वातंत्र्याच्या स्तंभावर घोषणा रंगवल्या. वास्तूची नासधूस झाली म्हणून मोठी ओरड झाली. तेव्हा जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञ स्त्रियाच एकत्र आल्या. त्यांनी मागणी केली की अक्षरे पुसण्याआधी प्रत्येक ओळीचा फोटो काढून नोंद ठेवा. ज्यांचा धंदाच दगड स्वच्छ करण्याचा, त्यांनी हे म्हणावे! नोंद म्हणजे काय, हे त्यांना कळले होते.

या मोर्चांचे फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणी बायाच असतात. काही जथ्यांत पुरुषांना, मग ते फोटोग्राफर का असेनात, आत घेत नाहीत. तोंड झाकलेल्या मुलीचा चेहरा ओळखू येईल असा फोटो काढायचा नाही, कारण उद्या तोच फोटो पोलिसांच्या हाती जातो. आपल्या सभांचे फोटो मी आठवते. व्यासपीठ, हार, माईक. सतरंजीवर बसलेल्या बाया कडेला कापलेल्या. तिथे कॅमेरा खाली उतरतो, बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.

8 मार्च 2021 च्या मोर्चाआधी सरकारने राष्ट्रीय प्रासादाभोवती उंच लोखंडी पत्रे उभे केले. बायांनी त्या पत्र्यांवर पांढऱ्या रंगाने खून झालेल्या स्त्रियांची नावे लिहून काढली आणि फटींत फुले खोचली. त्याचेही फोटो आहेत. पत्रा दिसत नाही, एवढी नावे.