चांदोलीचा सडा आणि डाव्या हाताने टिपलेले छायाचित्र

हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला तुम्ही अनेकदा गेला असाल. घाटावर बसून समोर पाहिले, की एकीकडून कृष्णा आणि दुसरीकडून वारणा येऊन मिळताना दिसते. कृष्णेचे उगमस्थान आपल्याला ठाऊक असते; महाबळेश्वर आपण पाहिलेले असते. वारणा मात्र कोठून येते, असे विचारले तर पुष्कळ सांगलीकर क्षणभर थांबतात. ती येते आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडून, सह्याद्रीच्या ऐन कण्यावरून, चांदोलीच्या अरण्यातून. या लेखात मी तुम्हाला तेथे घेऊन जाणार आहे. तुमचे वय सत्तरीच्या पुढे असेल, गुडघे कुरकुरत असतील, किंवा घरातील एखाद्या आजारी ज्येष्ठाची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर हा प्रवास खास तुमच्यासाठीच आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणतो, यांना ७८व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उपचार वेळेवर मिळाले, वाचा बरीचशी परत आली, काठीच्या आधाराने चालणेही जमू लागले. पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. अण्णांना तरुणपणापासून छायाचित्रणाचा छंद. आग्फा क्लिक थ्री हा साधा पेटीसारखा कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांनी सातारा-सांगलीचे डोंगर पालथे घातले होते. एका रिळात बाराच छायाचित्रे निघत. त्यामुळे एक टिपण्यापूर्वी ते पाच-दहा मिनिटे नुसते पाहत उभे राहत. आजारानंतर त्यांनी कॅमेऱ्याचा विषयच काढला नाही. कॅमेऱ्याचे कळबटण उजव्या बाजूला असते, एवढे एकच वाक्य ते एकदा बोलले होते.

गेल्या हिवाळ्यात मी चांदोलीचा बेत मांडला, तेव्हा वहिनींनी तो सरळ मोडीत काढला. "जंगलात काही झालं तर कोणाकडे धावायचं, भाऊजी?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शुश्रूषा करणाऱ्या माणसाची भीती हीच त्याची रोजची पहाऱ्याची काठी असते. म्हणून त्या भीतीला उत्तर मिळेपर्यंत आम्ही निघालो नाही. अण्णांच्या डॉक्टरांना आम्ही तीन गोष्टी विचारल्या: रक्तदाब स्थिर आहे का, किती वेळ सलग बसून प्रवास चालेल आणि किती चालणे झेपेल. त्यांनी परवानगी दिली, पण दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करण्याच्या अटीवर. तुम्हीही आधी हीच विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले, तर हरिपूरचा घाट आहेच. तेथील संध्याकाळचा प्रकाशही काही कमी नाही.

रस्ता आणि अरण्य

सांगलीहून पेठ नाका, तेथून शिराळा, पुढे कोकरूड, आरळा आणि मणदूर, असा हा रस्ता आहे. शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक असते. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे, म्हणून वहिनींना तेथे थांबायचेच होते. तो थांबा आमच्या दर तासाच्या विश्रांतीत सहज बसला. शिराळ्यानंतर वारणा डाव्या हाताला सोबत करू लागते. उसाची शेते मागे पडतात, भाताची खाचरे लागतात, डोंगर जवळ येतात आणि हवेत गारवा येतो.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले आणि २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. ते सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांना स्पर्श करते. पुढे कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात साताऱ्याचे कास पठार आहे, तसेच आपले चांदोलीही आहे. वारणेवरील धरणाचा वसंतसागर जलाशय या अरण्यात दूरवर आत शिरलेला आहे. या अरण्यात पूर्वी गावे होती. त्यांचे पुनर्वसन झाले. झोळंबीसारखी नावे आता सड्यांच्या आणि वाटांच्या रूपाने उरली आहेत.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. त्यावर माती जेमतेम बोटभर. त्यामुळे झाडे रुजत नाहीत. पावसाळ्यात तेथे गवत आणि इवली फुले येतात, हिवाळ्यात गवत वाळून पिवळेधमक होते. सड्याच्या कडेला उभे राहिले, की खाली घनदाट सदाहरित झाडी आणि तिच्यापलीकडे एकामागे एक डोंगररांगा दिसतात. गवा, सांबर, भेकर, शेकरू, बिबट्या यांचे हे घर आहे. परंतु प्राणी दिसलेच पाहिजेत, असा हट्ट धरून येथे येऊ नये. हे दाट अरण्य आहे. येथे प्राणी आपल्याला पाहतात, आपण त्यांना क्वचितच पाहतो. डोंगर मात्र कोठे पळून जात नाहीत. धीम्या हालचालींच्या माणसाला निसर्गदृश्यांचे छायाचित्रण सोयीचे वाटते ते यामुळेच. त्यासाठी धावावे लागत नाही, थांबावे लागते. आणि थांबणे आपल्याला जमते.

माझी चूक

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सड्यावर पोहोचलो. आतला रस्ता कच्चा आहे, हादरे बसतात. पाठीचे दुखणे असेल तर कमरेला पट्टा आणि मागे उशी हवीच. अण्णांना मी घडीच्या खुर्चीवर बसवले, मफलर गुंडाळला, पाणी दिले. समोर डोंगररांगा होत्या. जवळची रांग गडद हिरवी, तिच्यामागची निळसर, त्यामागची फिकी, आणि सर्वांत दूरची जवळजवळ आकाशात मिसळलेली. अंतर वाढते तसा मधल्या हवेत प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून दूरचे डोंगर निळे आणि फिके दिसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वाचकांना हा निळा रंग विशेष जाणवेल. पिवळसर झालेले जुने भिंग जाऊन स्वच्छ भिंग आल्यावर निळ्या छटा पुन्हा खुलतात.

अण्णांनी मोबाइल डाव्या हातात धरला. हात थरथरत होता. पडद्यावरचे बटण अंगठ्याला सापडेना. एकदा, दोनदा, तीनदा प्रयत्न झाला. मला ते पाहवेना. "द्या अण्णा, मी काढतो," असे म्हणून मी मोबाइल घेतला, दृश्य चौकटीत नीट बसवले आणि छायाचित्र टिपले. छायाचित्र सुंदर आले होते. मी ते त्यांना दाखवले. त्यांनी मान हलवली आणि ते काही बोलले नाहीत.

रात्री मुक्कामी जेवण झाल्यावर ते हळूहळू म्हणाले, "फोटो चांगला आहे. पण तो तुझा आहे रे."

वाचकहो, घरातील ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखे माझ्याजवळ या सहलीतले एवढेच आहे. आपण प्रेमापोटी त्यांच्या शर्टाची गुंडी लावतो, चहाचा कप तोंडाशी धरतो, डॉक्टरांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊन टाकतो. काम लवकर होते. पण ज्याचे काम होते, त्याच्याकडे मग करण्यासारखे काही उरत नाही. अण्णांना मदत हवी होती, हे खरे. पण ती छायाचित्र काढून देण्याची नव्हे, काढता येईल अशी व्यवस्था करून देण्याची हवी होती.

डावा हात

ही व्यवस्था फार अवघड नाही. मोबाइल बसवता येईल अशी तिपाई बाजारात मिळते. तिने हाताच्या थरथरीचा प्रश्न सुटतो. ब्लूटूथवर चालणारे छोटे बटणही मिळते. ते मुठीत धरून दाबले, की दूर ठेवलेल्या मोबाइलमध्ये छायाचित्र निघते. मग हात उजवा की डावा, याला महत्त्व राहत नाही. असे बटण जवळ नसेल, तर मोबाइलमध्ये काही सेकंदांनी आपोआप छायाचित्र निघण्याची सोय असते. बहुतेक मोबाइलमध्ये आवाज कमी-जास्त करण्याची कळ दाबूनही छायाचित्र घेता येते. ज्यांना पडद्यावरचे बटण दिसत नाही, त्यांना ती कळ बोटाने चाचपून सापडते. माझ्या पुतणीने हे बटण आमच्या सामानात आधीच टाकलेले होते. मीच ते पिशवीतून काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पुन्हा आत जायचे होते. पण अण्णांना रात्री झोप नीट लागली नव्हती, चेहरा ओढलेला दिसत होता, रक्तदाबही नेहमीपेक्षा थोडा चढा होता. वहिनी म्हणाल्या, आज नको. आम्ही त्यांचे ऐकले. वाचकांनीही असे ऐकावे. सहलीतला एक दिवस सोडून देण्याची तयारी घरूनच करून निघावे. मग तो सोडताना जड जात नाही.

दुपारी विश्रांती आणि औषधे झाल्यावर रक्तदाब उतरला, अण्णांना बरे वाटले. तेव्हा आम्ही मुक्कामापासून जवळच, पाणी दिसेल अशा मोकळ्या जागी गेलो. चालायचे होते पन्नास पावले. तीन पायऱ्या होत्या. चढताना सशक्त पाय आधी आणि उतरताना अशक्त पाय आधी, हा फिजिओथेरपिस्टने शिकवलेला नियम अण्णा पुटपुटत होते. मी त्यांच्या उजव्या, म्हणजे दुबळ्या बाजूने चालत होतो. काठी डाव्या हातात होती.

साडेचारचा सुमार. सूर्य कलला होता आणि सावल्या लांबल्या होत्या. दुपारी बाराचा प्रकाश डोंगराला सपाट करतो. तिरपा प्रकाश त्याच्या घड्या आणि घळी उघड करतो. म्हणून दुपार झोपेसाठी ठेवावी आणि छायाचित्रे सकाळी उशिरा किंवा दिवस कलताना घ्यावीत. कडाक्याच्या थंडीत पहाटे बाहेर पडणे रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांना सोसत नाही; त्यांनी दिवस कलण्याचीच वेळ निवडावी.

मी तिपाई लावली आणि बाजूला झालो. अण्णा बराच वेळ नुसते पाहत राहिले. एका रिळात बाराच छायाचित्रे असण्याच्या काळात पाहत असत, तसे. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील पर्वतांची छायाचित्रे काढणारे आन्सेल अॅडम्स यांची एक हकीकत अण्णा पूर्वी सांगत. १९२७ साली हाफ डोम या कड्यासमोर ते पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिली वापरल्यावर त्यांना वाटले, कड्याची भव्यता यात उतरणार नाही. मग लाल गाळणी लावून त्यांनी शेवटची पट्टी वापरली, आणि तेच छायाचित्र अजरामर झाले. मनात आधी चित्र पूर्ण पाहायचे आणि मग कळ दाबायची, असे अण्णा त्यावर म्हणत.

शेवटी त्यांनी मला तिपाई थोडी डावीकडे वळवायला सांगितली. मग आणखी थोडी. "बास." डाव्या मुठीतले बटण दाबले. एकदाच.

जाण्यापूर्वी

तुम्ही जाणार असाल, तर काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते; वेळा आणि परवान्यांची चौकशी वन विभागाकडे आधी करावी. आत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी परतण्याची वेळ सांगून निघावे आणि जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. औषधे एक दिवस पुरून उरतील इतकी, आणि औषधांची यादी रुग्णाच्या खिशात असावी. मधुमेही व्यक्तीजवळ साखर किंवा गोळ्या हव्यात. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणे, ही ज्येष्ठांची जुनी सवय घातक आहे. पाणी थोडे थोडे प्यावे आणि थांबे आधी ठरवावेत. काठीच्या टोकाची रबरी टोपी झिजली असेल तर बदलावी. जांभ्या खडकाच्या छिद्रांत काठी अडकते. खुर्चीतून उठताना दोन मिनिटे पाय हलवून मग उठावे. प्रचितगडासारख्या अवघड चढाच्या जागा तरुणांसाठी सोडाव्यात. आणि निघण्यापूर्वी एक संध्याकाळ हरिपूरला तिपाई लावून सराव करावा.

अण्णांचे ते छायाचित्र आता त्यांच्या पलंगासमोर टांगलेले आहे. पाण्याची रेषा किंचित तिरकी आली आहे. डोंगर डावीकडे झुकल्यासारखे वाटतात. मोबाइलमध्ये ती रेषा सरळ करता येते, असे पुतणीने सांगून पाहिले. अण्णांनी हात लावू दिला नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते छायाचित्र दाखवतात आणि कोणी विचारण्याआधीच सांगतात, "हे मी काढलंय."

पुढच्या हिवाळ्यात झोळंबीचा सडा पुन्हा पाहायचा आहे, असे ते म्हणतात. डॉक्टरांना काय विचारायचे, त्याची यादी या वेळी वहिनींनीच करायला घेतली आहे.