डफडं सोडलेल्या घरात ड्रम



जूनच्या शेवटी मुलीच्या वहीत शाळेची चिठ्ठी आली. सातवी-आठवीच्या मुलांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर वाद्यवृंदाचा वर्ग, इच्छुकांनी नावे द्यावीत. आम्ही चिठ्ठी वाचली तेव्हा तिने नाव देऊनही टाकलं होतं. तिला कॅसिओ वाजवायचा होता. शहाद्यात वाद्य म्हटलं की लग्नातला बँड नाहीतर डीजे. तिथे एखादी शाळा मुलांना वाद्य शिकवते म्हटल्यावर आम्हीही खूश झालो.

दुसऱ्या शनिवारी पोरगी घरी आली ती गप्प. सरांनी वाद्यं वाटून दिली होती. कॅसिओ, हार्मोनियम आणि बासऱ्या कोणाला मिळाल्या ती नावं तिने सांगितली, आडनावांसकट. तिच्या वाट्याला मोठा ड्रम. पाड्यावरून येणाऱ्या दोन भिल्ल मुलांना साइड ड्रम. वर सर कौतुकाने म्हणाले, "तुमच्याकडे ताल रक्तातच असतो."

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "जे आपुन सोडी दिधं, ते पोर परत उचली राहिनी का?"

तरुण वाचकांसाठी हे सांगायला हवं. आबांचे वडील गावकीची कामं करायचे. दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पोचवायचं. दवंडीचं डफडं आमच्या घरात भिंतीला टांगलेलं असायचं. ते कलेसाठी नव्हतं, गावाने ठरवलेलं काम होतं. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतनं कायद्याने गेली ती १९५८ साली. धम्मदीक्षेनंतर आमच्या पणजोबांनी डफडं उतरवलं. परत ते कोणी हातात घेतलं नाही. त्यामुळे आबांना ड्रम दिसला नाही, डफडं दिसलं. त्यांना चूक कसं म्हणायचं?

चळवळीतल्या मित्रांशी बोललो. एकजण म्हणाला, पोरीला काढून घ्या, मनुवादी वर्ग आहे तो. दुसरा म्हणाला, मिळतंय ते शिकू द्या, आपल्या पोरांना फुकट कोण शिकवतं? आम्हाला दोन्ही पटेनात. काढून घेतलं तर कॅसिओवर कोण बसणार हा प्रश्न कायमचा त्यांच्या बाजूने सुटतो. गप्प बसलो तर पोरीने सरांचं वाक्य गिळायचं. एम.ए. समाजशास्त्राला बोर्द्यूचं 'सांस्कृतिक भांडवल' पाठ करून आम्ही चांगले मार्क मिळवले होते. ते भांडवल शनिवारी दुपारी, एका वर्गात, यादी करून वाटलं जातं हे मात्र पोरीने शिकवलं.

'जातिनिर्मूलन' १९३६ चं. जात श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, असं बाबासाहेबांनी त्यात मांडलं. आमच्या मुलीच्या वर्गात वाद्यांच्या नावाने वादक वाटले गेले. टी. एम. कृष्णा यांचं २०२० सालचं 'सेबॅस्टियन अँड सन्स' मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर आहे. त्यात दलित ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. कातडं त्यांनी कमवायचं, मृदंग त्यांनी घडवायचा आणि सभागृहातल्या टाळ्या दुसऱ्यांच्या. तिकडे तमिळनाडूतच, मरणाच्या दारी वाजवायला लावलेली पराई दलित कलावंतांनी आंदोलनाच्या मंचावर चढवली. तेव्हा प्रश्न कातड्याचाही नाही. कोणी ठरवलं, हा आहे.

यात व्यवहारही आहे. दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात. हार्मोनियम किंवा तबल्याच्या परीक्षा देता येतात, पुढे त्याचा उपयोग होतो. बँडपथकातल्या मोठ्या ड्रमची कसली परीक्षा?

आम्ही दोघं शाळेत गेलो. भांडायला नाही (खरं सांगायचं तर घरून निघताना भांडायलाच निघालो होतो). सर वयाने तरुण, कंत्राटी, आठवड्यात तीन शाळा करणारे. आम्ही विचारलं, वाटप कसं केलं? ते म्हणाले, ज्यांना थोडं येत होतं त्यांना सुरांची वाद्यं दिली. थोडं येत होतं, कारण त्यांच्या घरी पेटी आहे, शिकवणी आहे. आणि ती दोन भिल्ल मुलं? त्यांना काय येतं हे विचारलंच नव्हतं. याच तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, बड्या शेतकऱ्यांच्या शेतावर राबणाऱ्या आदिवासींनी जमीन आणि मजुरी मागितली. सरांना हे माहीत नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच जास्त त्रास झाला.

आम्ही एकच मागणी केली. दोन महिने वाद्यं फिरती ठेवा, सगळ्यांनी सगळं हाताळू द्या, मग मुलांनाच निवडू द्या. "रक्तात" हा शब्द वर्गात वापरू नका. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर ते अवघडून हसले. नंतर मुलीला म्हणे "सॉरी" म्हणाले.

दोन महिन्यांत तिने कॅसिओ वाजवला, पेटी वाजवली, बासरीतून फुंकर सोडून काही निघालं नाही. घरी सरावाला वाद्य नव्हतं, तेव्हा पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून बोटं फिरवायची. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग आपल्या शाळेत का नाही?" उत्तर नव्हतं. साइड ड्रमवाल्यांपैकी एक मुलगा आता बासरीवर आहे आणि सर त्याला वर्ग संपल्यावरही थांबवून घेतात.

आमच्या पोरीने मात्र शेवटी मोठा ड्रमच निवडला. आम्ही विचारलं, नक्की? म्हणाली, "सगळे माझ्याकडे बघून चालतात." आम्हाला थोडी निराशा झाली, लपवत नाही. पोरीने कॅसिओवर बसावं ही हौस तिच्यापेक्षा आमचीच जास्त होती बहुतेक.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वर्ग सरस्वतीच्या प्रार्थनेने सुरू होतो आणि विसर्जन मिरवणुकीत पथक पाठवायचं घाटत होतं. मिरवणुकीला आम्ही लेखी नकार दिला. प्रार्थनेच्या वेळी ती हात न जोडता उभी राहते. मैत्रिणी विचारतात, ती सांगते. रोज सांगून तिला कंटाळा येतो हेही तिने सांगितलं. बावीस प्रतिज्ञांचं ओझं बारा वर्षांच्या पोरीने एकटीने किती वाहायचं, यावर आम्हा दोघांचं एकमत नाही.

प्रजासत्ताक दिनाला आबा मैदानावर आले नाहीत. आदल्या संध्याकाळी पोरगी सरावासाठी ड्रम घरी घेऊन आली होती. आबांनी तो दुरून पाहिला, मग जवळ आले, पानावर बोट दाबलं. त्यांच्या वडिलांचं डफडं वाजवण्याआधी आगटीवर शेकावं लागायचं.

"हाई तपाडनं पडत नही का?"

"नाही आबा, हे प्लॅस्टिकचं आहे. स्क्रू फिरवायचे फक्त."

त्यांनी तिच्याकडून चावी मागून घेतली आणि एक स्क्रू फिरवून पाहिला.