पाव मिलिमीटर

खालच्या पुढच्या दातांची गर्दी सोडवायची तर जागा लागते. ती मिळवायचे मार्ग मोजके: जबड्याची कमान रुंदावणं, दात पुढे कलू देणं, उपदाढा काढणं, नाहीतर दोन दातांमधल्या कडा घासून प्रत्येक दात किंचित अरुंद करणं. या शेवटच्याला दवाखान्यात आयपीआर म्हणतात, स्ट्रिपिंगही म्हणतात. त्यात काय काय जातं, त्याची ही नोंद.

इनॅमल. पुढच्या दातांना एका बाजूचं साधारण पाव मिलिमीटर. खालच्या पटाशीच्या दातांच्या कडेला ते मुळातच पातळ, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. दाढांना एक मिलिमीटरच्या वर. आहे त्याच्या निम्म्याहून जास्त काढू नये, असा संकेत आहे. चार पटाशीचे आणि दोन सुळे अशा सहा दातांमध्ये पाच सांधे असतात. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर धरला तर अडीच मिलिमीटर जागा होते. गर्दी थोडी असेल तर तेवढी पुरते आणि धडधाकट उपदाढा काढाव्या लागत नाहीत. हा फायदा मोठा आहे, म्हणून मी या घासण्याच्या विरोधात नाही.

दोन महिने. इनॅमल रचणाऱ्या पेशी दिवसाला सरासरी चार मायक्रॉनचा थर देतात. म्हणजे पाव मिलिमीटर हे ढोबळमानाने त्यांचं दोन महिन्यांचं काम. खालच्या पटाशीच्या कायमच्या दातांचं हे काम बाळ पालथं पडू लागतं त्या सुमारास हिरडीच्या आत सुरू होतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतं. दात तोंडात येईपर्यंत त्या पेशी संपलेल्या असतात. म्हणून गेलेलं इनॅमल पुन्हा वाढत नाही. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागाला पुन्हा बळ देतं, पण जाडी परत आणत नाही.

रेषा. नव्या दाताच्या पृष्ठभागावर भिंगातून आडव्या, बारीक लहरी दिसतात. त्यांना पेरिकायमाटा म्हणतात. एका लहरीपासून दुसरीपर्यंत बहुधा आठवडाभराची वाढ. लहानपणी मोठं आजारपण येऊन गेलं असेल तर तिथे ठळक खाच राहू शकते. जुन्या सांगाड्यांतल्या मुलांची आजारपणं मानवशास्त्रज्ञ अशाच खाचांवरून वाचतात. दाताच्या दर्शनी भागावरच्या लहरी ब्रशने आणि अन्नाने वर्षानुवर्षं पुसट होत जातात. दोन दातांच्या मधल्या आडोशाला त्या जास्त टिकतात, आणि स्ट्रिप फिरते ती नेमकी तिथेच.

फ्लोराइडचा थर. इनॅमलमध्ये फ्लोराइड सगळ्यात जास्त असतं ते अगदी बाहेरच्या काही मायक्रॉनमध्ये. आत जावं तसं ते झपाट्याने कमी होतं. आम्लाला टक्कर देणारी ही साल पहिल्या काही फेऱ्यांतच जाते. घासल्यावर फ्लोराइडचं व्हार्निश लावतात ते यासाठी.

गुळगुळीतपणा. इथे थांबून बघायला हवं. हिऱ्याची पूड बसवलेली पोलादी पट्टी दोन दातांच्या मध्ये उभी घालतात आणि पुढे-मागे ओढतात. करकर कानापेक्षा जबड्यात जास्त ऐकू येते. हिरडीच्या टोकाला पट्टी लागली की रक्ताचा एक ठिपका येतो. पांढरी भुकटी पाण्याबरोबर नळीत खेचली जाते. मग मापाची पातळ पत्ती आत सरकते. सैल गेली की जागा झाली. नुसत्या डोळ्यांना दात छान दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिथे नांगरलेलं शेत असतं: सरळ, समांतर, खोल चरे. राडलान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिलं की अशा चऱ्यांत प्लाक साचतो. ब्रशचा केस किंवा फ्लॉसचा धागा त्यांच्या तळाशी पोचत नाही. १९९६ साली इटलीत पियाचेंतिनी आणि स्फोन्द्रिनी यांनी निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या. कार्बाइडचा बर, म्हणजे दात घासायचं फिरतं टोक, वापरून त्यावर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या चकत्यांनी पॉलिश केलं, तर पृष्ठभाग न घासलेल्या इनॅमलपेक्षाही गुळगुळीत होऊ शकतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे हा तोटा भरून काढता येतो. त्याला लागतात काही मिनिटं आणि धीर. ही मिनिटं वाचवण्याचा मोह मला अक्षम्य वाटतो, कारण पॉलिश राहून गेलं तर पेशंटला ते कधीच दिसत नाही.

नॉर्वेच्या ब्योर्न झाक्रिसन यांनी काळजीपूर्वक घासून पॉलिश केलेले खालचे पुढचे दात दहा वर्षांहून जास्त काळानंतर पुन्हा तपासले. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: किडीचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, हिरड्याही बऱ्या होत्या. भिऊन नकार देणाऱ्यांना हे सांगायला हवं.

गारवा. पाण्याशिवाय वेगाने घासलं की दात तापतो. आतल्या नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तर काही दातांची नस सावरत नाही, हे १९६५ साली माकडांवरच्या प्रयोगात दिसलं होतं.

काळा त्रिकोण. हा गेलेला बरा. दात सरळ झाल्यावर हिरडीपाशी जी काळी फट दिसू लागते, ती कडा सपाट करून दात जवळ आणले की लहान होते, कारण दातांचा सांधा हिरडीच्या दिशेने खाली येतो. सांधा आणि हाड यांच्यात पाच मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल तर हिरडी ती फट बहुतेक वेळा भरून काढते. हे टार्नो यांनी १९९२ साली मोजून दाखवलं.

आपोआप होणारी झीज. ऑस्ट्रेलियाचे ऑर्थोडॉन्टिस्ट पर्सी रेमंड बेग यांनी तिथल्या आदिवासींचे दात अभ्यासून १९५४ साली मांडलं की भरड, कणीदार अन्न खाणाऱ्यांच्या दातांच्या कडा आयुष्यभर झिजत राहतात आणि दात पुढे सरकून ती जागा भरतात. आपलं अन्न मऊ झालं, झीज थांबली, गर्दी उरली. आजच्या सगळ्या गर्दीचं कारण एवढंच, हे पुढच्या अभ्यासकांना पटलं नाही. पण एक फरक त्यातून नीट कळतो. ती झीज दशकांची होती, आणि आत नवं डेंटिन रचायला दाताला सवड मिळत होती. स्ट्रिप एका बैठकीत काम संपवते.

मूळ माप. आधी दात किती रुंद होता, हे घासल्यानंतर दातावरून सांगता येत नाही. ते साच्यात किंवा स्कॅनमध्ये असलं तरच उरतं. अलाइनरच्या, म्हणजे दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांच्या, आराखड्यात कुठल्या सांध्यात किती घासायचं याचे आकडे असतात. प्रत्यक्षात किती घासलं, हे डॉक्टरांनी वेगळं लिहावं लागतं. पेशंटने तो कागद मागून घ्यावा आणि जपावा. सरळ केलेले दात जागेवर धरणारा रिटेनर वापरणं सुटलं की खालचे पुढचे दात पुन्हा गर्दी करतात. तेव्हा गाव बदललेलं असतं, डॉक्टर नवे असतात, आणि पुन्हा थोडं घासू या, असं सुचवण्याआधी त्यांना पहिला आकडा माहीत असणं भाग असतं.