चाळिशी

मराठीने माणसाच्या एका वयाला आणि त्या वयात नाकावर येणाऱ्या चष्म्याला एकच नाव दिले आहे : चाळिशी. चव्वेचाळिसावे वर्ष उलटेपर्यंत यातला पहिला अर्थ मी स्वीकारला होता. दुसरा आपल्याला लागू आहे, हे मात्र मान्य केले नव्हते.

सुरुवात हातापासून झाली. वर्तमानपत्र धरलेला हात दिवसेंदिवस लांब जाऊ लागला. कधी दिव्याला दोष द्यावा, कधी छपाईला, आणि मथळे वाचून पान उलटावे अशी सवय जडली. शाळेत हजेरीपटावरची नावे पाठ होती, म्हणून तेथे निभावले. घरी मात्र उलटाच प्रकार घडत होता. सुईत दोरा ओवायला मला हाक मारणारी आई बाहत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय पोथी वाचू लागली होती! “देवाने डोळे परत दिले,” असे ती शेजारणींना सांगे. एक काडी दोऱ्याने बांधलेला आपला जुना चष्मा तिने माझ्यापुढे सरकवला. “घे, मला आता नको. तू किती डोळे ताणतोस!”

तो चष्मा मी चोरून वापरला. अक्षरे मोठी दिसत. पण पुस्तक नाकापाशी आणावे लागे आणि अर्ध्या तासात कपाळ ठणके. मग आठवडी बाजारातून एक तयार चष्मा आणला. विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावरची ओळ ज्यातून वाचता आली, तो आपला, इतकी सोपी निवड!

एके रात्री तो चष्मा शाळेतच राहिला. आईची रक्तदाबाची गोळी नुकतीच दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली होती. डब्यात जुनी पट्टीही शिल्लक होती. चकाकत्या कागदावरचे बारीक आकडे मी दिव्याखाली धरले, डोळे बारीक केले आणि ‘पाचच असणार’ असे ठरवून टाकले. सलग दोन रात्री हेच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठताना भोवळ येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. सुदैवाने लागले नाही. पट्टी मुलीने वाचली. ती मला काहीच बोलली नाही, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघे नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. रांगेत पुढे एक मजूर बाई होत्या. “मला वाचता येत नाही, मला कशाला चष्मा?” असे त्या म्हणत होत्या. तपासनिसाने त्यांना अक्षरांऐवजी तीन दात्यांच्या आकृतीचा तक्ता दाखवला. दाते कोणत्या दिशेला आहेत, ते हाताने दाखवायचे. नंतर त्याने विचारले, “तांदळातले खडे दिसतात का?” बाई गप्प झाल्या. चाळिशी ही पुस्तक वाचणाऱ्यांचीच गरज, असे मीही समजत होतो. पुढे वाचनात आले की, आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे पाहण्याचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

डॉक्टरांनी मला समजावले. डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. हा आजार नव्हे, आणि फार वाचल्याचा परिणामही नव्हे. नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढतो, म्हणून अधूनमधून तपासणी हवी. माझा नंबर अधिक दीड होता, आईच्या चष्म्याचा अधिक तीन; कपाळ का ठणकत होते, ते उलगडले. बाजारातल्या चष्म्याने डोळे बिघडत नाहीत; पण त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, आपले दोन्ही डोळे तसे असतीलच असे नाही. शिवाय तो विकणारा डोळ्याच्या आत पाहत नाही. काचबिंदूसारखा रोग तर गाजावाजा न करता दृष्टी नेतो.

आईच्या डोळ्यांत मात्र डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मोतीबिंदू होताना कधीकधी भिंगाचा मधला भाग घट्ट होतो. तेव्हा काही काळ जवळचे चष्म्याशिवाय दिसते, पण लांबचे पुसट होत जाते. देवाने परत दिलेल्या डोळ्यांचे रहस्य हे होते. फाटकाशी आलेली माणसे तिला ओळखू येईनात, तेव्हा आम्ही त्याला विसराळूपणा म्हणत होतो.

चष्म्याच्या दुकानात पहिला प्रश्न आला, “दिवसभर काम काय करता?” मी फ्रेमचा रंग पाहत होतो. दुकानदार सांगू लागले : नुसते वाचायचे असेल तर साधा चष्मा पुरे. वर्गात शिकवणाऱ्याने तो लावून मान वर केली, की मुले धूसर दिसणार. बायफोकलमध्ये वरून लांबचे, खालून जवळचे दिसते. पण जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी पुसट दिसते, तेव्हा हनुवटी खाली घ्यावी. रेघ नसलेला प्रोग्रेसिव्ह महाग, कडेने धूसर, आणि सवयीला काही दिवस घेणारा. मी बायफोकल घेतला. रेघ दिसते, वय कळते, कळू दे. पहिल्या आठवड्यात शाळेची शेवटची पायरी दोनदा चुकलो, तेव्हा मुले हसली.

पुढे आईची शस्त्रक्रिया झाली. फाटकाशी कोण आले, हे आता ती ओसरीवरून सांगते. पोथीसाठी मात्र तिला पुन्हा चष्मा लागला, आणि त्याबद्दल ती अजून कुरकुरते. रोज रात्री मी गोळी काढतो. आई आधी आपला नवा चष्मा लावते, पट्टी हातात घेते, आकडा मोठ्याने वाचते, आणि मगच पाण्याचा पेला मागते.